एक नाला, एक वर्ष : खान्देशात रान शिकायचं तर

सुरुवात दिवाळीनंतर करा. फराळाचे डबे रिकामे झाले, कापसाची पहिली वेचणी उरकली, नाल्यांना अजून थोडं पाणी आहे आणि पहाटे गोधडी लागायला लागली आहे, तो महिना. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात. मे महिन्याच्या सुट्टीत उत्साह येतो, पाठीवर सॅक चढते आणि खान्देशातलं ऊन पहिल्याच दिवशी हिशेब चुकता करतं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मेमध्ये आम्ही दोघं मित्र लळिंगच्या डोंगरात निघालो. धुळ्यापासून जेमतेम दहा किलोमीटर, खाली महामार्गावरचे ट्रक दिसतायत, मग काय होणार आहे? दोघांत मिळून दोन लिटर पाणी. सकाळी साडेदहाला चढायला लागलो. बाराच्या आत बाटल्या संपल्या, एकच्या सुमारास मित्र अर्धवट वाक्यं बोलायला लागला आणि मला ते विनोदी वाटलं, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. एका हिवराच्या सावलीत मेंढ्या घेऊन बसलेला ठेलारी भेटला. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, अहिराणीत विचारलं, "कथा चालना भाऊ?" म्हणजे कुठे चाललात. उत्तराची वाट न बघता स्वतःच्या कॅनमधलं पाणी आधी मित्राच्या डोक्यावर ओतलं, मग प्यायला दिलं. "पानी खाले शे," एवढंच बोलला आणि काठीने उताराकडे बोट केलं. त्या माणसाजवळ ना होकायंत्र होतं ना महागडे बूट. पण पाणी कुठे आहे, किती वाजता सावलीत बसायचं आणि समोरचा माणूस कितपत बिघडलाय, हे त्याला ठाऊक होतं. रानातली कौशल्यं म्हणतात ती हीच. ती विकत मिळत नाहीत, पण वर्षभर धीर धरला तर शिकता येतात.

आधी जागा ठरवा

घरापासून सायकलवर अर्ध्या तासात पोचता येईल असा एखादा नाला, बांध, नदीकाठ किंवा टेकडी निवडा. सातपुड्यातलं तोरणमाळ किंवा पाल गाव नको, निदान पहिले तीन महिने तरी नको. लांबच्या जागी वर्षातून दोनदा जाणं होतं, जवळच्या जागी आठवड्यातून दोनदा, आणि शिकणं दुसऱ्यात आहे. जळगावकरांना गिरणेचा काठ आहे, धुळ्याच्या लोकांना लळिंगचं कुरण. यावल, फैजपूर, रावेर, चोपड्याच्या लोकांचं नशीब मोठं, केळीचा शेवटचा बाग संपला की सातपुडा सुरू होतो. चाळीसगावकरांना पाटणादेवी जवळ आहे, पण तो भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, म्हणजे तिथे नियम वेगळे.

परवानगीचं आत्ताच सांगून टाकतो. बांध कोणाचा तरी असतो, मालकाला रामराम करून सांगा की मी इथे आठवड्यातून एकदा येऊन बसणार आहे. तो हसेल, पण पुढच्या वेळी त्याचा कुत्रा तुमच्या अंगावर येणार नाही. अभयारण्यात आणि राखीव जंगलात वनक्षेत्रपालांच्या कार्यालयातून परवानगी घ्या. यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झालं. तिथे वाळकी काडीसुद्धा उचलून आणायची नाही, विस्तव करायचा नाही, दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं. पायवाटेवरच्या पाड्यात थांबून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथल्या लोकांचं ते घर-अंगण आहे, आणि कालपासून अस्वल कुठल्या नाल्यात फिरतंय हे फक्त त्यांनाच माहीत असतं.

बसायला शिका

पहिलं कौशल्य हे, आणि बहुतेक जण हेच गाळतात, कारण फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही.

आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी त्याच वेळी, निवडलेल्या जागी चाळीस मिनिटं बसा. पाठीला झाड किंवा दरड हवी, तोंड नाल्याकडे, ऊन पाठीमागून. कपडे मळकट रंगाचे, अत्तर नाही, फोन बंद करून पिशवीत. बसण्याआधी खालची जागा काठीने साफ करा, दगड उलटवून पाहा. पहिली दहा-पंधरा मिनिटं काही घडत नाही, कारण तुम्ही येताना जो गोंधळ केला तो अजून विरलेला नसतो. मग एखादी खार झाडाच्या खोडावरून उलटी उतरते, बुलबुल पुन्हा उंबरावर येतात. त्या क्षणापासून खरं बसणं सुरू झालं असं समजा.

आता कान द्या. सातभाई दिवसभर कलकलाट करतातच, पण एका झुडपाभोवती गोळा होऊन एकाच सुरात ओरडायला लागले तर तिथे साप, मुंगूस किंवा घुबड असतं. टिटवी उडता उडता ओरडत तुमच्याकडे येत असेल तर तिची अंडी जवळ आहेत, मागे फिरा. सातपुड्यात वानरांचा खोकल्यासारखा खॉक-खॉक आवाज आला आणि सगळी वानरं एकाच दिशेला पाहत असली तर बहुधा बिबट्या आहे. मोराचं तेच. ही भाषा पुस्तकातून येत नाही. शंभर वेळा ऐकली की एक दिवस आपोआप मान वळते.

घरी आल्यावर वहीत तीनच ओळी लिहा: काय दिसलं, काय ऐकू आलं, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. माझ्या पहिल्या वहीत सलग सहा आठवडे 'विशेष काही नाही' लिहिलेलं आहे. सातव्या आठवड्यात लिहिलंय, 'खंड्या रोज त्याच फांदीवर बसतो, फांदीखालचा दगड पांढरा झालाय.' तो दगड पहिल्या दिवसापासून पांढराच होता.

न दिसण्याचा मोठा दाखला याच मुलखातला आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणालाच सापडलं नव्हतं. जवळजवळ नामशेष धरलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षी-अभ्यासकांना शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. गंमत अशी की तो रात्री लपून फिरणारा नाही, दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर बसतो. आपल्या गावातल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ एकरंगी. सातपुड्यात बसाल तेव्हा प्रत्येक पिंगळ्याचं डोकं नीट बघा.

दिशा

तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला होकायंत्राची गरज कमी. उत्तरेला सातपुड्याची भिंत, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर, गोमाई या नद्या दक्षिणेकडे तापीला येतात, तर गिरणा, वाघूर, पांझरा दक्षिणेकडून निघून उत्तरेला तापीलाच मिळतात. त्यामुळे यावल-रावेरकडच्या दक्षिण उतारावर वाट चुकली आणि नाल्याच्या उताराने चालत राहिलं तर उशिरा का होईना, केळीच्या बागेत पोचता. मात्र धडगाव, अक्कलकुव्याकडे हा हिशेब उलटतो. तिथल्या मधल्या डोंगरधारेपलीकडचं पाणी नर्मदेकडे उत्तरेला जातं, आणि ते तुम्हाला घरापासून आणखी दूर, अवघड दऱ्यांत नेईल. दुसरी गोष्ट, नाल्याच्या पात्रातून उतरू नका, त्याच्या बाजूच्या धारेने उतरा. पात्रात मध्येच तीस-चाळीस फुटांचा कडा येतो आणि वर परत चढता येत नाही.

डोंगराच्या आत भिंतच दिसत नाही तेव्हा काठी रोवा. हातभर सरळ काठी सपाट जागी उभी करा, सावलीच्या टोकावर खडा ठेवा. वीस मिनिटांनी सावली सरकलेली असेल, नव्या टोकावर दुसरा खडा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. हे शंकूचं, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीचं, गणित आपल्याकडे जुनं आहे. पाटणादेवीच्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे, गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला त्याची नोंद त्यात आहे. म्हणून पाटणादेवीला गेलात तर काठी तिथेच एकदा रोवून बघा. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र भर दुपारी हा खेळ करू नका. आपण २१ अंश अक्षांशाच्या आसपास राहतो, त्या दिवसांत सूर्य माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते.

रात्री ध्रुव शोधा. हात पूर्ण लांब करून वीत ताणली की आकाशात सुमारे वीस अंश मोजले जातात, आणि खान्देशातून ध्रुव क्षितिजापासून तेवढाच उंच असतो. म्हणजे उत्तरेला क्षितिजावर अंगठा टेकवा, करंगळीच्या टोकाशी जो मध्यम तेजाचा एकटा तारा दिसेल तो. उन्हाळ्यात सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ लांबवून पडताळा घ्या. हिवाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षी खाली गेलेले असतात, तेव्हा शर्मिष्ठेचा वाकडा 'एम' कामाला येतो.

गुरवाटा वाचायला शिका. पालजवळच्या सागवनात एकदा कार्तिकात मी दोन तास गोल फिरलो, कारण प्रत्येक वाट पायवाटच वाटत होती आणि गवत छातीएवढं होतं. गुरं चारणाऱ्या पोराने नंतर सांगितलं ते असं: खुराचं टोकदार अंग चालण्याच्या दिशेला असतं. सकाळच्या ठशांची टोकं रानाकडे, संध्याकाळच्या ठशांची गावाकडे. शेणाचा पो ताजा आणि टोकं उताराकडे असतील तर त्या वाटेने गाव येतंच. दहा-बारा वर्षांच्या त्या पोराला मी चुकलो कसा हेच कळत नव्हतं.

नकाशा हवाच. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या, एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, सातपुड्याच्या दऱ्यांत रेंज नसते. निघताना घरी चिठ्ठी ठेवा: कुठे जातोय, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत परत, आणि किती वाजल्यानंतर शोध सुरू करायचा. दुपारी दोनला, कुठेही असा, मागे फिरायचं. मावळायला किती वेळ आहे ते बघायला हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटं धरा. एक बोट साधारण पंधरा मिनिटं. डोंगराआड सूर्य लवकर जातो, म्हणून त्यातून एक बोट कमीच धरा.

तरी चुकलात, तर बसा. पाणी प्या, शिटी असेल तर तीन-तीन वेळा वाजवा, आणि शेवटची ओळखीची खूण कुठे होती ते आठवेपर्यंत उठू नका.

पाणी

हिवाळ्यात दिवसाला माणशी तीन लिटर, मार्चपासून पाच. सोबत न्यायचंच. रानात पाणी शोधणं ही अडचणीतली विद्या आहे, सहलीची सोय नाही.

करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर ही झाडं एका ओळीत हिरवीगार दिसली की खाली ओल आहे समजा. पारवे आणि होले सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे झेप घेतात. मधमाश्यांची सतत ये-जा असेल तर पाणी फार लांब नसतं. कोरड्या वाळूच्या पात्रात झिरा काढतात. हे मी पावरा समाजातल्या एका आजोबांकडून बघितलं. पात्र जिथे वळतं तिथे बाहेरच्या अंगाला, काठाच्या पायथ्याशी त्यांनी हाताने वाळू बाजूला केली. कोपरभर खोल गेल्यावर वाळूचा रंग गडद झाला. मग ते थांबले, विडी काढली. मी अधीर. त्यांनी नुसता हात केला. खड्ड्यात हळूहळू गढूळ पाणी साचलं, ते त्यांनी नारळाच्या करवंटीने उपसून फेकलं. पुन्हा साचलं, पुन्हा फेकलं. तिसऱ्या वेळी आलेलं पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. खड्ड्याच्या तोंडाशी त्यांनी दगड रचले, जनावराच्या पायाने कड ढासळू नये म्हणून, आणि जाताना तो तसाच उघडा ठेवला. मागून येणाऱ्या रानजनावरांसाठी, असं त्यांनी खुणेनेच सांगितलं.

असं पाणी चौपदरी फडक्यातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा. निवळीचं बी उगाळून घालायची जुनी पद्धतही चांगली आहे, पण दोन्हींनी फक्त गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

आता खान्देशापुरती एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून ठेवा. कापूस-केळीच्या शेतांमधून आलेल्या नाल्याचं पाणी प्यायचंच नाही. फवारणीचं औषध आणि खतं उकळून जात नाहीत. नितळ दिसो, मासे असोत, नाही म्हणजे नाही. पाणी घ्यायचं ते शेतांच्या वरच्या अंगाला.

विस्तव

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. सातपुड्याच्या वाळक्या पाचोळ्यात एक ठिणगी पुरते, आणि राखीव जंगलात विस्तव करणं एरवीही गुन्हाच आहे. म्हणून विस्तव शिकायचा तो स्वतःच्या किंवा मित्राच्या शेतात, आणि आपल्याकडे त्याला तयार निमित्त आहे: भरीत.

डिसेंबर-जानेवारीत बामणोदची हिरवी लांबट वांगी आणा. जमीन दोन हात गोल साफ करा, मातीपर्यंत. वाऱ्याची दिशा बघा, ज्वारीचा कडबा आणि गंजी वाऱ्याच्या वरच्या अंगाला हव्यात. दोन बादल्या पाणी आधी भरून ठेवा, मग काडीपेटीला हात लावा.

आता नियम असा, की एकच काडी मिळणार. यातच सगळं शिक्षण आहे. पेट घेणारं साहित्य हातात मावेल एवढं: कापसाचा बोळा, नारळाची शेंडी, वाळकं गवत चोळून केलेलं घरटं. त्यावर काडीपेटीच्या काडीएवढ्या जाडीच्या तुराट्यांच्या फाटी, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या. सगळं आधी जमवायचं, जाडीप्रमाणे तीन ढिगांत. नवशिके एक मूठ पेटवून मग काड्या शोधायला पळतात आणि परत येतात तो राख. नुसता कापूस भुर्रकन जळून जातो, म्हणून त्यात थोडी शेंडी मिसळा. पऱ्हाटी वाकवल्यावर 'कट्' आवाज करून मोडली तरच वाळलेली, वाकली तर बाजूला टाका. जाळाला हवा खालून लागते, त्यामुळे रचना पोकळ हवी. पऱ्हाट्यांचा जाळ मोठा आणि थोडा वेळ टिकणारा, वांग्याला तोच लागतो. वांग्याला आधी टोचे मारा, नाहीतर फुटतं.

रुई, कण्हेर, निवडुंग-शेर आणि बिब्ब्याचं लाकूड चुलीत कधीही घालू नका, धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो. रात्रभर निखारा राखायचा असेल तर गोवरी राखेत पुरा. विझवण्याविषयी शेवटी सांगतो.

झाडं, आणि तोंडात काय घालू नये

वर्षात वीस झाडं पुरे. पण प्रत्येक झाड तिन्ही ऋतूंत ओळखता आलं पाहिजे, पानं असताना आणि नसतानाही. साग, पळस, मोह, टेंभुर्णी, धावडा, खैर, बाभूळ, हिवर, बोर यांपासून सुरू करा. मग सातपुड्याची खास मंडळी: अंजन, ज्याचं पान आपट्याचं लहान भावंड वाटतं पण नीट पाहिलं तर दोन वेगळी पानं जोडलेली असतात, सालई, जिच्या कागदासारख्या सालीच्या पापुद्र्याखाली राळेचा वास येतो, आणि कांडोळ, चांदण्यात भुतासारखा पांढरा उभा राहणारा. उघड्या उतारांवरचं रोशा गवत हातात चुरगाळा. त्याचा गुलाबासारखा वास बोटांवर तासभर राहतो, आणि याच गवताचं तेल काढायचा उद्योग खान्देशात एकेकाळी चालत होता.

खाण्याच्या बाबतीत मी कडक आहे. जाणत्या माणसाने हातात तोडून दिल्याशिवाय काहीही खायचं नाही. पावसाळ्यात कटुर्ले, तरोटा, चिवळ, घोळ. हिवाळ्यात बोरं, आवळे. उन्हाळ्यात टेंभुर्णी, चारोळी, मोहाची फुलं. गावच्या बाजारात रानभाजी घेऊन बसणाऱ्या मावशीकडून एकेक भाजी विकत घ्या आणि तिलाच विचारा कशी ओळखायची, कशी शिजवायची. रानात चुकीचं पान चावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. धोतरा, गुंज, कण्हेर सगळ्यांना माहीत असतात. फसवतो तो मोगली एरंड. बांधावर कुंपणाला लावलेला असतो, बी चवीला शेंगदाण्यासारखं लागतं आणि दरवर्षी कुठे ना कुठे पोरं ते खाऊन उलट्यांनी बेजार होतात. मुलांना घेऊन गेलात तर पहिलं झाड हे दाखवा. दुसरी खाजकुयली. हिवाळ्यात शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा.

जनावरं आणि माणसाचं भान

ठसे शिकायला पावसाळ्यानंतरचा ओला काठ उत्तम. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या आणि तरसाच्या उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा. रानडुकराच्या खुरामागे दोन छोटे टिंब असतात. अस्वलाच्या विष्ठेत बोराच्या बिया दिसतात.

लोक बिबट्याला घाबरतात. मी अस्वलाला घाबरतो, आणि त्याहून जास्त मेंढपाळांच्या कुत्र्यांना. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा पहाटे अस्वल झाडाखाली असतं. त्याला फार नीट दिसत-ऐकू येत नाही, म्हणून अचानक समोर आलात की घाबरून अंगावर येतं. मोह वेचणाऱ्या बाया घोळक्याने, मोठ्याने बोलत जातात, तेच करा. दिसलंच तर पाठ न दाखवता हळू मागे सरा. झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. बिबट्यासमोर वाकू नका, पळू नका, लहान मूल असेल तर उचलून घ्या, हात वर करून मोठ्याने ओरडा. आग्या मोहोळाजवळ धूर आणि अत्तर दोन्ही नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून सरळ लांब पळा, पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंघावत थांबतात.

सापाचं थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार मुख्य विषारी. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. अंगठी, कडं काढा, हातापायाला काठीचा आधार देऊन हलू देऊ नका, आणि १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. म्हणून सातपुड्यात शिरण्याआधी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते विचारून ठेवा.

उन्हाचं मात्र विस्ताराने, कारण आपल्याकडे जास्त माणसं त्याने पडतात. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात. तेव्हाच थांबा, सावली धरा, लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. माणूस बरळायला लागला, अंग तापलेलं, तर ती उष्माघाताची वेळ. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, उपरण्याने वारा घाला आणि मग १०८. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊनंतर रानात असूच नका, हा माझा लळिंगनंतरचा नियम.

सामान

थोडकं. पाण्याचे कॅन, मोठं सुती उपरणं, शिटी, टॉर्च आणि जादा सेल, विळा, दहा मीटर सुती दोरी, प्लास्टिकमध्ये काडीपेटी, ओआरएसच्या पुड्या, दोन क्रेप पट्ट्या, चिमटा. चिमट्याला हसू नका, हिवराचा आणि बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार येतो. गावाकडच्या टायरच्या चपला काट्याला भारी, पण विंचू-सापासाठी घोटा झाकणारा बूट हवा. गाठी शेतकऱ्याकडून शिका: दावं खुंट्याला बांधायची, बादलीच्या कडीची, आणि गाडीवरचा भारा आवळायची. या तिघींवर आयुष्य निघतं.

पहिली रात्र

जानेवारीच्या शेवटी, शेतात. राखणीचा माळा असेल तर त्यावर, नसेल तर बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा चावा कित्येकदा जाणवतही नाही. धुळे-जळगावचा पारा या दिवसांत दहाच्या खाली सहज जातो, तोरणमाळ-डाबकडे तर दव गोठतं. थंडी खालून जास्त लागते, म्हणून एक घोंगडी वर असेल तर दोन खाली घाला. नाल्याच्या पात्रात मुक्काम कोणत्याच ऋतूत नको, पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत न सांगता येतं. वळवाच्या दिवसांत वीज चमकल्यावर तीस आकड्यांच्या आत गडगडाट ऐकू आला तर एकट्या झाडाखालून बाहेर या आणि पक्क्या घरात जा.

आठ वाजता टॉर्च बंद करा. डोळे सरावायला अर्धा तास लागतो. कोल्ह्यांची पहिली हाळी साधारण त्याच सुमारास होते, एक ओरडतो, मग दुसऱ्या शिवारातून उत्तर येतं. मध्यरात्री केळीच्या बागेत काहीतरी मोडल्याचा आवाज आला तर ती रानडुकरं असतात, उतरू नका, वरूनच डबा वाजवा. पहाटे चारला थंडी सगळ्यात बोचते आणि तेव्हा घरी जावंसं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. ध्रुवाभोवती सप्तर्षी केवढे फिरलेत ते बघा, तासाला साधारण पंधरा अंश.

उजाडलं की बूट झटकून घाला, विंचू असतो. मग काल रात्रीच्या आगटीकडे जा. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेचा चिखल झाला पाहिजे. शेवटी त्यात हात घालून बघा, थेट खालच्या मातीपर्यंत. कोमट लागली तर अजून एक बादली.